वेशीवरचा पहारा आणि आपली कॉलेजे

प्रवेशाच्या दिवसांत अमरावती किंवा अकोल्यातल्या एखाद्या नेट कॅफेत अर्धा तास उभे राहून पाहा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला खेड्यापाड्यांतून आलेली मुले-मुली रांगेत असतात. कॅफेवाला आधार कार्ड, जातीचा दाखला, पासबुक स्कॅन करतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि विचारतो, "ओटीपी किती आला?" मुलगी सगळ्यांसमोर मोठ्याने ओटीपी सांगते. तिची सगळी कागदपत्रे त्या संगणकावर राहून जातात. यात तिची चूक नाही. तिला हे कोणी शिकवलेच नाही.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये हाच आकडा ७,४६५ कोटी होता. पैसेवाल्याचे पैसे गेले तर तो वकील लावतो. शेतमजुराच्या मुलीची शिष्यवृत्ती गेली तर तिचे शिक्षणच थांबते.

पण प्रश्न फक्त पैशाचा नाही. भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरच्या साह्याने बाहेरून कागदपत्रे घुसवली गेली, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ साली दिला. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तिने तेच सांगितले. एनआयएला हे मान्य नाही. निवाडा न्यायालय करील. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या बाजूने हार्ड डिस्क तपासायला थेट मॅसॅच्युसेट्स गाठावे लागले! विदर्भात इतकी इंजिनिअरिंग कॉलेजे असताना हे काम करू शकणारी आपली माणसे किती?

योजनांची कमतरता नाही. यूजीसीने ऑक्टोबर २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी 'सायबर जागरूकता दिवस' पाळायचा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिजिटल इंडियाच्या विस्तारासाठी १४,९०३ कोटी मंजूर केले आणि त्यात २ लाख ६५ हजार लोकांना माहिती सुरक्षेचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. पण एक बॅनर, एक भाषण आणि एक ग्रुप फोटो म्हणजे शिक्षण नव्हे. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तशी सायबर सुरक्षा प्रयोगशाळेतच येते.

यावर ठरलेले उत्तर मिळते, "सायबरला जात नसते, इथे गुणवत्ता लागते." ठीक आहे, मग गुणवत्तेचा खर्च मोजू. या क्षेत्रात नुसती पदवी चालत नाही. नामांकित प्रमाणपत्राच्या एका परीक्षेला लाख-दीड लाख लागतात. वर स्वतःचा लॅपटॉप, इंग्रजी आणि पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत शब्द टाकणारा ओळखीचा माणूस. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाहीच. गाळणी आधीच लावून ठेवायची आणि खाली आलेल्याला गुणवत्ता म्हणायचे, हा खेळ आपल्याला नवा नाही. उलट, अंगठा लावून आजीचे पैसे कसे लुटले जातात हे ज्याने वस्तीत पाहिले, तोच ती पळवाट आधी ओळखेल. सर्व थरांतली माणसे घेणे म्हणजे उपकार नव्हे. त्याशिवाय सुरक्षाच अपुरी राहते.

गावाची वेस आपल्या बापजाद्यांनी राखली. वेसकर रात्रभर जागला, पण त्याचे घर वेशीबाहेरच राहिले. त्या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. आज डिजिटल वेशीवर पहारा लागतो, आणि तो सन्मानाचा, चांगल्या पगाराचा आहे. नेमक्या याच वेळी आपण बाहेर का?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. अमरावती व अकोल्याच्या शासकीय कॉलेजांत सायबर प्रयोगशाळा उभारा आणि ती कला, वाणिज्य, आयटीआयच्या विद्यार्थ्यांनाही संध्याकाळी खुली ठेवा. प्रमाणपत्र परीक्षेची फी बार्टीने भरावी. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात मानधनासह उमेदवारी द्या. अभ्याससाहित्य मराठीत आणा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे हे निवेदन विद्यार्थी संघटनांनी याच सत्रात द्यावे.

आणि एक काम आपले. प्रत्येक वसतिगृहात एका रविवारी बसा, एकमेकांचे पासवर्ड बदला, फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा हे भिंतीवर लिहा. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातले 'शिका' आता संगणकाच्या आतपर्यंत गेले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!