गाडी परत, पावती मागाहून!

आपल्याकडे सिग्नल तोडला की कोपऱ्यावरचा मामा शिट्टी मारतो. आपण गाडी बाजूला घेतो, 'साहेब, आज पहिल्यांदाच झालं' हे ठरलेलं वाक्य टाकतो आणि पावती फाडून (किंवा न फाडता!) पुढे निघतो. ट्रॅफिक पोलिसांशी आपलं नातं हे असं आहे. समोरासमोरचं, तोंडी आणि बऱ्यापैकी निगोशिएबल.

परदेशात भाड्याची गाडी घेतली की हे नातं एका झटक्यात संपतं. तिथे शिट्टी वाजत नाही. रस्त्याच्या कडेला एक मुकाट खोका उभा असतो, तो फोटो काढतो आणि गप्प बसतो. तुम्ही गाडी परत देता, किल्ली काउंटरवर ठेवता, ड्युटी फ्रीमधून चॉकलेटं घेता आणि घरी येता. इन्स्टावर फोटो टाकून होतात, ऑफिसात चॉकलेटं वाटून होतात. आणि मग सगळं विसरल्यावर, एके दिवशी, पावती येते.

आई-बाबांच्या पिढीने टूर कंपनीच्या बसमध्ये बसून, थेपले खात युरोप बघितला. आपल्याला तो नको असतो. आपल्याला टस्कनीच्या टेकड्यांतून स्वतः गाडी चालवायची असते, वाटेल तिथे थांबायचं असतं. सॉलिड आयडिया आहे, यात वाद नाही. फक्त या आयडियेबरोबर एक फंडाही ग्रुपमधून फिरत असतो. 'अरे, आपलं लायसन्स इंडियाचं. त्यांना आपण कुठे सापडणार?'

बॉस, सापडता. आणि शोधायची फारशी मेहनतही त्यांना करावी लागत नाही.

फोटो गाडीचा, दंड नावाचा

कॅमेऱ्याला तुमचा चेहरा नको असतो, नंबर प्लेट पुरते. प्लेटवरून मालक सापडतो, मालक म्हणजे रेंटल कंपनी. पोलीस किंवा नगरपालिका कंपनीला विचारते, अमुक तारखेला अमुक वाजता ही गाडी कोणाकडे होती? कंपनी रेंटल अ‍ॅग्रीमेंट उघडते. त्यात तुमचं नाव, घरचा पत्ता, लायसन्सचा नंबर सगळं आपण आपल्याच हाताने दिलेलं असतं. ते पुढे जातं. गाडी परत दिल्याने काही फरक पडत नाही, कारण पावती आता गाडीच्या नाही, तुमच्या नावाने निघालेली असते.

इथे बहुतेकांचा एक घोळ होतो. ट्रिपनंतर काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डावर चाळीस-पन्नास युरो गेल्याचा मेसेज येतो. आपल्याला वाटतं, चला, दंड कापला गेला, सुटलो. तो दंड नसतो! ती कंपनीची फी असते, तुमचं नाव पोलिसांना कळवण्याच्या कामाची. अ‍ॅग्रीमेंटच्या बारीक अक्षरांत तिला आपण आधीच 'हो' म्हणून बसलेलो असतो. खरा दंड अजून वाटेतच असतो.

आणि ही वाट लांबची असू शकते. इटलीत राहणाऱ्याला दंडाची नोटीस ९० दिवसांत पाठवावी लागते, पण परदेशात राहणाऱ्यासाठी तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे तुम्ही मेमध्ये फिरून आलात, तर पुढच्या वर्षीचं व्हेकेशन प्लॅन करत असताना गेल्या वर्षीच्या व्हेकेशनचं बिल येऊ शकतं.

माझ्या एका मैत्रिणीने तिथे पत्ता दिला होता तो लायसन्सवरचा, म्हणजे सांगलीच्या घरचा. आठ महिन्यांनी बाबांचा फोन आला, 'अगं, इटलीहून समन्स आलंय. काय केलंस तू तिकडे?' ती मीटिंगमध्ये होती. समन्स वगैरे काही नव्हतं, एका गावातून ७१ ने गेल्याची नोटीस होती. पण तिकडे बाबांनी तोवर वकीलकाका गाठले होते!

बोर्ड होता, आकडा नव्हता

ती ज्या गावात अडकली ती गंमत समजून घेण्यासारखी आहे. इटलीत गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर मर्यादा साधारण ९० असते, गावात ५०. पण गाव सुरू होताना दर वेळी '५०' लिहिलेला गोल बोर्ड असेलच असं नाही. गावाच्या नावाची पांढरी पाटी, हाच बोर्ड. ती पाटी दिसली की ५० सुरू आणि नावावर तिरकी लाल रेघ मारलेली पाटी दिसली की संपलं. आपण मात्र 'वॉव, काय क्यूट नाव आहे' म्हणत ती पाटी वाचतो आणि ऐंशीने आत शिरतो.

आता आकडे. २०२४ च्या दरांप्रमाणे मर्यादेपेक्षा १० ते ४० किलोमीटर जास्त असाल तर १७३ युरो. नोटीस हातात आल्यापासून पाच दिवसांत भरले तर ३० टक्के सूट, म्हणजे १२१ च्या आसपास. साठ दिवस उलटले की रक्कम साधारण दुप्पट. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात गुन्हा असेल तर दंड एक तृतीयांशाने जास्त. कॅमेऱ्याच्या चुकीसाठी पाच टक्के, निदान पाच किलोमीटर, वजा करतात. पण त्या पाचच्या भरवशावर राहू नका.

चाळीसच्या वर गेलात तर प्रकरण नुसत्या पैशांचं राहत नाही. इटालियन माणसाचं लायसन्स एक ते तीन महिने सस्पेंड होतं. परदेशी लायसन्सवाल्याला तेवढे दिवस इटलीत गाडी चालवायला बंदी घालतात. 'फॉरेन लायसन्स'ची सवलत ती एवढीच.

पंधरा किलोमीटरचं गणित

'कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा' हा आपला लाडका उपाय. इटलीच्या हायवेवर तो चालत नाही, कारण तिथे 'ट्यूटर' नावाची यंत्रणा आहे. ती एका जागचा वेग मोजत नाही. एका कमानीखालून तुम्ही किती वाजता गेलात आणि पुढच्या कमानीखालून किती वाजता, एवढंच बघते. बाकी तिसरीतलं गणित. समजा दोन कमानींत १५ किलोमीटर आहेत. मर्यादा १३०. त्या वेगाने तुम्हाला सहा मिनिटं ५५ सेकंद लागायला हवीत. तुम्ही बरोबर सहा मिनिटांत पोचलात, म्हणजे सरासरी १५०. पाच टक्के वजा केले तरी १४२.५. साडेबारा जास्त. लागला १७३ चा दंड. पंचावन्न सेकंद वाचवले त्याचे! त्यात पाऊस असेल तर १३० ची मर्यादा ११० वर येते, हेही आपल्या गावी नसतं.

हसू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर जुलै २०२४ पासून सुरू झालेली यंत्रणाही सरासरी वेग मोजते. सेल्फ ड्राइव्हची गाडी घेऊन वीकएंडला गेलात, तर इकडेही चलान गाडीमालकाकडे जातं आणि तिथून तुमच्याकडे.

इटलीतून 'जरा जाऊन येऊ' म्हणत स्वित्झर्लंडमध्ये शिरणाऱ्यांनी तर स्पीडोमीटरवरून नजर हलवू नये. तिथे वस्तीत सहा ते दहा किलोमीटर जास्त गेलात तरी १२० फ्रँक जातात. मोठ्या गुन्ह्यात दंड उत्पन्नावर ठरतो. २०१० साली सेंट गॅलनमध्ये एका श्रीमंत फेरारीवाल्याला २ लाख ९९ हजार फ्रँक दंड झाला होता. आपला पगार बघता आपण सुरक्षित आहोत, एवढंच समाधान.

दुबईत तर एकाच रस्त्यावर दोन नियम आहेत. दुबईत साधारणपणे बोर्डवरच्या आकड्याच्या वर वीस किलोमीटरपर्यंत कॅमेरा सोडून देतो. अबुधाबीने ही सूट २०१८ मध्ये काढून टाकली. म्हणजे दुबईच्या सवयीने अबुधाबीची मशीद बघायला निघालात की हद्द ओलांडल्यावर प्रत्येक कॅमेरा खराखुरा. आणि तिथे पत्राची वाट बघायला लागत नाही, कंपनी डिपॉझिटमधूनच वळते करते.

ऑनसाइटवाल्यांनो, इकडे लक्ष द्या

आठ दिवस फिरायला गेलेल्याचे पैसे जातात. दोन वर्षं ऑनसाइट गेलेल्याचं त्याहून बरंच काही जाऊ शकतं. ब्रिटनचं उदाहरण घ्या, कारण आपल्यातले निम्मे तिथेच असतात. आपल्या भारतीय लायसन्सवर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. भाड्याच्या गाडीत कॅमेऱ्यात आलात की पोलीस कंपनीला विचारतात, कंपनी तुमचं नाव देते आणि तुम्हाला पत्र येतं. त्यात विचारलेलं असतं, गाडी कोण चालवत होतं? उत्तर द्यायला २८ दिवस. साध्या स्पीडिंगला १०० पौंड आणि तीन पॉइंट. पण ते पत्र ड्रॉवरमध्ये टाकून दिलंत, तर उत्तर न देण्याचा वेगळा गुन्हा. त्याला एक हजार पौंडांपर्यंत दंड आणि सहा पॉइंट! मूळ चुकीपेक्षा गप्प बसणं महाग.

'पण माझ्याकडे ब्रिटिश लायसन्सच नाही, पॉइंट लावणार कशाला?' हा प्रश्न मला एका मित्राने अगदी विजयी चेहऱ्याने विचारला होता. उत्तर असं, की तिथलं लायसन्स खातं तुमच्या नावाने एक रेकॉर्ड उघडतं आणि पॉइंट त्यात जाऊन बसतात. वर्षभराने तुम्ही टेस्ट देऊन तिथलं लायसन्स काढता तेव्हा ते तिथे वाट बघत असतात. टेस्ट पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत एकूण सहा पॉइंट झाले की नवं लायसन्स रद्द. म्हणजे जुने तीन आणि नवे तीन, खेळ खलास, पुन्हा टेस्ट. गाडीचा इन्शुरन्सही महागतो. ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जात ड्रायव्हिंगच्या गुन्ह्याबद्दल झालेल्या दंडाचा प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिणं हा मूळ दंडापेक्षा कितीतरी मोठा धोका.

शिवाय तिथे सगळं मैलांत. बोर्डवर ३० म्हणजे आपले ४८. वेल्समध्ये २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०, म्हणजे ३२. आपल्याला ती चाल रिक्षाची वाटते. पण त्या रस्त्यावर कोणाची तरी मुलं शाळेतून घरी येत असतात आणि मर्यादा त्यांच्यासाठी असते.

चौघांची ट्रिप, एकाचं नाव

आता पैशांपेक्षा नाजूक विषय. चार मित्र, एक गाडी. क्रेडिट कार्ड ज्याचं, नाव त्याचं. चालवली मात्र सगळ्यांनी थोडी थोडी. नऊ महिन्यांनी पावती येते ती एकट्याच्या घरी. तोवर ट्रिपचा हिशोब मिटलेला असतो, एकाने नोकरी बदललेली असते, दोघं एकमेकांशी बोलत नसतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटिशीचा फोटो पडतो आणि त्याखाली भयाण शांतता. 'तेव्हा मी झोपलो होतो रे' असं तिघंही म्हणतात. मग चालवत कोण होतं, गुगल?

यात फक्त मैत्री नाही, इन्शुरन्सही अडकलेला असतो. ज्याचं नाव ड्रायव्हर म्हणून अ‍ॅग्रीमेंटवर नाही, त्याने चालवताना गाडी ठोकली तर विमा हात वर करू शकतो. तेच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचं. इटलीत आपल्या लायसन्सबरोबर ते लागतं. गाडी देताना काउंटरवर कोणी मागितलं नाही, म्हणजे अपघातानंतरही कोणी मागणार नाही असं नाही.

निघण्यापूर्वी

परमिट: आरटीओ देतं. एक वर्ष चालतं. ते लायसन्सचा जोडीदार आहे, पर्याय नाही. मूळ लायसन्स बरोबर हवंच.

ड्रायव्हर: जो जो चालवणार, त्याचं नाव अ‍ॅग्रीमेंटवर घाला. जास्तीचे पैसे लागतात, लागू देत.

पत्ता: जिथे पत्र खरंच हातात पडेल तोच द्या.

डायरी: कोणी कुठून कुठपर्यंत चालवली, हे ग्रुपवर रोज एका ओळीत टाका. वर्षभराने ती ओळ सोन्याची वाटेल.

नोटीस: आली की आधी नंबर प्लेट, तारीख, वेळ अ‍ॅग्रीमेंटशी ताडून बघा. चूक असेल तर मुदतीत हरकत घ्या. बरोबर असेल तर सूट आहे तोवर भरून टाका. इटलीतल्या नगरपालिका परदेशातली वसुली एजन्सींकडे देतात आणि तोवर आकडा फुगलेला असतो.

आणि काउंटरवर सही करताना पेन कोणाच्या हातात आहे, तेवढं बघून ठेवा. पुढचं वर्षभर पोस्टमन त्याच्याच दारात येणार आहे.