‘रंग तेवढा तू सांग!’

ताईचा फोन आला की गप्पांचे विषय ठरलेले. मावशीचे गुडघे, तिकडची थंडी, आमच्याकडे नळाला किती दिवसांआड पाणी येतं... पण परवा तिने एकदम विचारलं, ‘अगं, गाडीच्या चाकांना कोणता रंग द्यावा गं?’

मला वाटलं, चेष्टा करतेय. चाकाला कसला आलाय रंग? टायर काळा असतो, झालं!

ताई म्हणजे माझी मोठी मावसबहीण. लग्न होऊन इंग्लंडला गेली, त्याला पस्तीस वर्षं झाली. ऑक्सफर्डजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले आणि मागे राहिली त्यांचा जीव की प्राण असलेली गाडी. १९६७ सालची, गडद हिरवी, वरचं छत उघडणारी एमजीबी. आपल्याकडे २०१९ पासून एमजीच्या गाड्या दिसायला लागल्या, त्या नावाचं माहेर तेच. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं ‘मॉरिस गॅरेजेस’. पुढे जवळच्याच ॲबिंग्डन गावात त्यांचा कारखाना होता. १९६२ पासून तिथे एमजीबी बनायची. १९८० मध्ये तो कारखाना बंद पडला. तेव्हापासून हौशी मंडळी या गाड्या आजीच्या दागिन्यांसारख्या जपतात.

या गाडीची साधी चाकं पत्र्याची असत. जास्तीचे पैसे मोजले, की सायकलसारखी तारांची चाकं मिळत. ताईच्या गाडीला तीच आहेत. एकेका चाकाला ६० तारा. म्हणजे चार चाकांच्या २४० तारा, आणि त्या सगळ्या ताणून बसवलेल्या. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. चाकाचा आऊट काढताना ते एकेक तार बोटाने वाजवून बघायचे. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार बद्द आवाज करते. ताईने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, ‘अगं, मग ही तर आपली सायकलच की!’

तर ही चाकं आता गंजली आहेत. काही तारा सैल झाल्यात. नवा संच घ्यायचा, पण कोणत्या रंगाचा? भावोजींचे मित्र म्हणाले, क्रोमचाच घ्या. हिरव्या गाडीला झळाळी येईल, विकताना किंमतही बरी येईल. मुलगा म्हणाला, काळा. हल्ली तीच फॅशन आहे, आणि ब्रेकची काळी पूडही दिसत नाही. कुणी सुचवलं, क्रीम रंग घ्या. कुणी म्हणालं, गाडीचाच हिरवा द्या, १९३०च्या दशकातल्या काही गाड्यांना तसा असायचा. ताईच्या मनात मात्र साधा चंदेरी. कारखान्यातून रंगवून यायची ती चाकं चंदेरीच असायची.

‘मग सांग ना तसं!’ मी म्हटलं.

‘सांगितलं गं. सगळे हसले. म्हणाले, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?’

मैत्रिणींनो, मला राग आला तो इथे. कारण ही गाडी तीस वर्षं धुतली कुणी? ताईने! चालवायचे भावोजी. ताई शेजारी बसायची. पण रविवारी जुना टूथब्रश घेऊन एकेक तार घासायचं काम तिचं. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून मीठ टाकतात. ते तारांच्या बेचक्यात बसलं की गंज धरलाच. कोणती तार सैल झाली, कुठे तांबूस ओघळ आला, हे पहिल्यांदा ताईच्याच हाताला कळायचं.

आणि ‘चंदेरी’मागे तिचा विचार आहे. चंदेरी रंगावर गंजाचा डाग लगेच दिसतो, काळ्यावर तो चटकन डोळ्यात भरत नाही. रंग उडाला तर घरच्या घरी ब्रश फिरवता येतो. क्रोमचं तसं नाही. त्याला किंमत जास्त मोजायची, आणि एकदा का मुलाम्याखाली गंज शिरला की घरी काही करता येत नाही. जुन्या पोलादी तारांना मुलामा देताना काळजी घेतली नाही तर तार ठिसूळही होऊ शकते. म्हणून आता चांगल्या संचात स्टेनलेस स्टीलच्या तारा घालतात. शिवाय तिथे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या तपासणीची सक्ती नाही. म्हणजे तार तुटली की नाही, हे मालकानेच बघायचं. अशा वेळी दोष झाकणारा रंग हवा की दाखवणारा?

आपल्याकडे कुठे अशी गाडी आहे, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण आमच्या घरी स्कूटर घ्यायची ठरली तेव्हा कंपनी, किंमत, हप्ते सगळं आधीच ठरलं होतं. शेवटी मला विचारलं, ‘रंग तेवढा तू सांग!’ किती मोठा मान! बचत गटातल्या बायकांना विचारलं तर घराघरांत हेच. पडद्याचा रंग, भिंतीचा रंग आपला. बाकी व्यवहार त्यांचा. ताईच्या वाट्याला तर तो रंगही आला नाही. कारण तिथे रंगाचा संबंध यंत्राशी आला ना!

बायकांना यंत्रातलं कळत नाही म्हणणाऱ्यांना ताईने आता एक नाव ऐकवलंय. पॅट मॉस. १९६० साली पॅट मॉस आणि ॲन विस्डम या दोघींनी ऑस्टिन-हीली ३००० गाडी घेऊन ‘लिएज-रोम-लिएज’ ही खडतर शर्यत जिंकली. बायकांच्या गटात नव्हे, सगळ्यांमध्ये पहिला नंबर! आणि त्यांची गाडी शर्यतीसाठी तयार झाली होती त्याच ॲबिंग्डनच्या कारखान्यात.

मी शेवटी ताईला विचारलं, ‘पण विकायचीच असेल तर कशाला एवढा जीव काढतेस?’

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘विकायची नाहीये. मी चालवणार आहे.’

तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलेली बाई आता स्टिअरिंगवर बसणार! मग चाकं तिच्याच पसंतीची हवीत. चंदेरी संच मागवलाय म्हणाली. मुलगा अजून थोडा रुसलेला आहे. रुसू दे.

शोभेच्या गोष्टीत बाईचं मत घ्यायचं आणि कामाच्या गोष्टीत नाही, ही वाटणीच मुळात चुकीची आहे. जो हात रोज वस्तू घासतो, पुसतो, त्याला तिची दुखणी माहीत असतात. तेव्हा यापुढे घरात कुणी ‘रंग तेवढा तू सांग’ म्हणालं, तर रंग जरूर सांगा. पण आधी किल्ली कुणाच्या हातात राहणार, तेही विचारून घ्या!