विश्लेषण : ब्रँड अनोळखी चालेल, मशीन अनोळखी नको! मध्यम किमतीचे घड्याळ घेताना काय पाहावे?

मुलाला पनवेल किंवा मुंबईत पहिली नोकरी लागते आणि पहिल्या पगारातून मुरुडला वडिलांसाठी घड्याळ घ्यायचे ठरते. बजेट १५ हजार रुपये. मोबाइलवर शोध घेतला की टायटन, कॅसिओ, सिटिझन, सेको ही ओळखीची नावे दिसतात. त्यांच्याच शेजारी कधी न ऐकलेली डझनभर नावेही झळकतात. घड्याळे देखणी, काच ‘सफायर’, मशीन ‘ऑटोमॅटिक’, वर ७० टक्के सूट. अशा अनोळखी ब्रँडवर महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा खर्च करावा का? सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र समुद्राकाठच्या गावात राहणाऱ्यासाठी काही कसोट्या निश्चित आहेत.

मोबाइल असताना घड्याळ कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण बोटीवर ओल्या हातांनी खिशातून मोबाइल काढणे किती जिकिरीचे असते, हे मच्छीमारांना सांगायला नको. राजपुरी जेट्टीवरून जंजिऱ्याकडे पर्यटकांना नेणाऱ्यांचेही तेच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. मोबाइल चार्ज करण्याचीच पंचाईत होती. मनगटावरच्या घड्याळाला ना वीज लागते, ना नेटवर्क. त्यामुळे इथे घड्याळ हा केवळ शोभेचा दागिना नाही आणि त्याची निवडही केवळ दिसण्यावरून करून चालणार नाही.

मोठे नाव म्हणजे पक्की खात्री का?

नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण एचएमटीचे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये एचएमटीने घड्याळनिर्मिती सुरू केली. पुढची काही दशके लग्नात, निवृत्तीला, दहावी पास झाल्यावर मिळणारे घड्याळ म्हणजे एचएमटी, असे समीकरण होते. देशात यापेक्षा ओळखीचा ब्रँड नव्हता. तरीही जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. दुसरे उदाहरण फाव्र-ल्युबा या स्विस ब्रँडचे. मुंबईत एकेकाळी त्याचे मोठे बस्तान होते. २०११ मध्ये तो टायटनने विकत घेतला आणि २०२३ मध्ये इथॉस समूहाकडे गेला.

यातून ग्राहकाने घ्यायचा धडा सोपा आहे. नाव बंद पडू शकते, मालक बदलू शकतो. पण एचएमटीची चावीची जुनी घड्याळे आजही दुरुस्त होतात, कारण त्यांचे मशीन लाखो घड्याळांत होते, ते उघडणारे हात तयार झाले आणि सुटे भाग बाजारात राहिले. घड्याळाचे आयुष्य तबकडीवरच्या नावापेक्षा आतल्या मशीनवर जास्त अवलंबून असते.

मग आत कोणते मशीन असावे?

बहुतेक छोटे ब्रँड स्वतः मशीन बनवत नाहीत. केस, तबकडी, काटे यांची रचना त्यांची. मशीन मात्र बाहेरून घेतलेले. यात काही कमीपणा नाही. जपानच्या सिटिझन समूहाची ‘मियोटा’ आणि सेको समूहाची ‘एनएच’ मालिका जगभरातील छोटे ब्रँड वापरतात. सर्वांत जास्त दिसणारे ‘एनएच ३५’ हे ऑटोमॅटिक मशीन २४ ज्वेल्सचे असून, पूर्ण चावी भरल्यावर सुमारे ४१ तास चालते. ते बिघडलेच तर संपूर्ण नवे मशीन काही हजारांत मिळते आणि बसवता येते. ब्रँड उद्या गुंडाळला गेला तरी घड्याळ भंगारात जात नाही.

जाहिरातीत फक्त ‘जपानी मशीन’ किंवा ‘प्रीमियम मूव्हमेंट’ एवढेच लिहिले असेल, तर मात्र थांबावे. मशीनचा क्रमांक सांगायला प्रामाणिक विक्रेत्याला अडचण नसते. विचारूनही क्रमांक मिळत नसेल, तर तो व्यवहार तिथेच सोडलेला बरा.

ऑटोमॅटिक की सेलवरचे?

इथे एक गैरसमज आहे. महाग ते अचूक, असे घड्याळात नसते. ‘एनएच ३५’साठी कंपनीनेच दिलेली मर्यादा दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे अशी आहे. सर्वांत वाईट स्थितीत, म्हणजे रोज ४० सेकंद पुढे गेल्यास, महिन्याला २० मिनिटांचा फरक पडतो. याउलट, मियोटाच्या ‘२०३५’ या सेलवर चालणाऱ्या साध्या मशीनची मर्यादा महिन्याला अधिक-उणे २० सेकंदांची आहे. वेळेसाठीच घड्याळ हवे असेल, तर क्वार्ट्झ घ्यावे. आतल्या चक्रांचे कौतुक असेल आणि आठवड्यातून एकदा काटे जुळवायची तयारी असेल, तर ऑटोमॅटिक. कामावर निघालेल्या माणसाला कौतुकाच्या नावाखाली ऑटोमॅटिक गळ्यात मारू नये.

‘५० मीटर’ म्हणजे ५० मीटर खोल पाणी?

नाही, आणि किनाऱ्यावर सर्वाधिक घड्याळे याच गैरसमजातून खराब होतात. हा आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. हात हलला, लाट आदळली की दाब क्षणात वाढतो. शिवाय चाचणी नव्या घड्याळाची असते. ढोबळ हिशेब असा धरावा : ३० मीटर म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे, ५० मीटर म्हणजे फार तर थोडा वेळ पोहणे, समुद्रात उतरायचे असेल तर किमान १०० मीटर आणि शक्यतो फिरवून घट्ट बसणारी चावी. खऱ्या डायव्हर घड्याळांसाठी ‘आयएसओ ६४२५’ हे वेगळे मानक आहे. तबकडीवर नुसते ‘डायव्हर’ लिहिल्याने ते मानक पूर्ण होत नाही.

पाणी अडवणारे असते ते रबरी वॉशर. ते काही वर्षांत कडक होते. म्हणून सेल बदलताना वॉशर आणि दाबाची चाचणी याबद्दल विचारावे. झाकण नुसते दाबून बंद केले, तर १०० मीटरचे घड्याळही पहिल्या पावसात काचेआड धुके दाखवते.

खारी हवा आणि वाळू काय करते?

स्वस्त घड्याळांची केस अनेकदा पितळ किंवा जस्तमिश्रित धातूची असते. वर फक्त मुलामा. घाम आणि खारी हवा लागून तो उडतो व खालचा धातू काळवंडतो. ‘३१६ एल’ पोलादात मॉलिब्डेनम असते. त्यामुळे ते मिठाला साध्या ‘३०४’ पोलादापेक्षा चांगले तोंड देते. तरीही समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुणे आवश्यकच. चामडी पट्ट्याला पावसाळ्यात बुरशी येते. इथे रबर, नायलॉन किंवा पोलादाचा पट्टा बरा.

काचेचेही तसेच. वाळूतल्या क्वार्ट्झच्या कणाची कठीणता मोह्स मापनात ७ असते. साधी मिनरल काच त्याच्या खाली, तर सफायर ९ वर. म्हणजे वाळूचा कण मिनरल काचेवर चरा पाडतो, सफायरवर सहसा नाही. किनाऱ्यावर सफायर काच ही चैन नाही. तिच्यासाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी ते वसूल होतात.

७० टक्के सूट खरी असते का?

एमआरपी विक्रेत्याची कंपनीच ठरवते. २४,९९९ रुपये छापून ६,९९९ला विकले, तर ग्राहकाचे १८ हजार वाचले असे होत नाही. घड्याळाची किंमत मुळातच सात हजार होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. यावर मोबाइलमध्येच उपाय आहे. घड्याळाच्या फोटोवरून शोध घ्यावा. हुबेहूब तीच केस, तीच तबकडी चार वेगवेगळ्या नावांनी पावकिमतीत दिसली, तर तो ब्रँड म्हणजे तयार मालावर चिकटवलेला शिक्का आहे.

स्विस वाटणाऱ्या नावाला भुलू नये. २०१७ पासूनच्या नियमांनुसार ‘स्विस मेड’ लिहिण्यासाठी उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमधील असावा लागतो. मशीन स्विस असावे लागते आणि केसमध्ये बसवणे व अंतिम तपासणीही तिथेच व्हावी लागते. ‘स्विस डिझाइन’ या शब्दांना तसे कोणतेही बंधन लागू नाही.

बिघडले तर कुठे जायचे?

हीच मुरुडकरांची खरी अडचण. अलिबाग सुमारे ५० किलोमीटरवर, मुंबईला जायचे तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून खरेदीआधी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : वॉरंटी किती, घड्याळ कुरिअरने पाठवण्याचा खर्च कोणाचा आणि सुटे भाग देशात मिळतात का. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, ग्राहक संपर्क आणि मूळ देश असलाच पाहिजे. परदेशातून थेट मागवले तर कस्टम्स ड्युटी आणि जीएसटी वाढतो आणि वॉरंटीसाठी घड्याळ परत पाठवणे आणखी महाग पडते.

फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला, तरी मुरुडच्या ग्राहकाला अलिबागचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

मग घ्यावे की नाही?

मशीनचा क्रमांक जाहीर, ‘३१६ एल’ केस, सफायर काच, किमान १०० मीटर आणि भारतात दुरुस्तीचा पत्ता या पाच गोष्टी जुळत असतील, तर अनोळखी ब्रँड जरूर घ्यावा. त्याच किमतीत मोठ्या ब्रँडकडे अनेकदा मिनरल काच आणि ५० मीटरवर समाधान मानावे लागते. छोटा ब्रँड जाहिरातीवर कमी खर्च करून तो पैसा घड्याळात घालत असेल, तर त्याला संधी मिळायला हवी.

पाचपैकी मशीन किंवा दुरुस्ती यातले एक जरी संदिग्ध असेल, तर मोह टाळावा आणि ओळखीच्या ब्रँडचे साधे क्वार्ट्झ घ्यावे. वडिलांच्या मनगटावर ते दहा वर्षे बिनतक्रार चालावे, एवढीच या खरेदीची अपेक्षा आहे. सहा महिन्यांत बंद पडून कपाटात गेलेले ‘लक्झरी’ घड्याळ सात हजारांचे असले, तरी महागच पडते.