‘कोनं सांगतलं बे तुले?’

गणपती दूध पितो, ही बातमी २१ सप्टेंबर १९९५ रोजी एका दिवसात देशभर पसरली. मोबाइल तेव्हा हातोहाती नव्हते. काम टेलिफोनने आणि शेजारणींनी केले. पण पानठेल्यावर कुणी असली नवलाची खबर आणली, की आपल्या वऱ्हाडात पहिला सवाल ठरलेला, ‘कोनं सांगतलं बे तुले?’ नाव सांगावेच लागे, आणि नावावरून खबरीची किंमत ठरे. सांगणारा गप्पाड्या निघाला, तर हसून ती त्याच्याच नावावर पुढे जाई.

आता सकाळच्या चहाआधी दोन तोंडांचे वासरू व्हॉट्सअ‍ॅपवर हजर असते. मित्रांना ते पाठवण्यात मौज आहे, मीही पाठवतो. पण वासरासोबत सांगणारा येत नाही. धनादेशाच्या पाठीवर सही करून तो पुढे दिला, की सही करणाराही बांधला जातो, हे आम्ही बँकवाले जन्मभर पाहिले. इथे सारा व्यवहार कोऱ्या पाठीचा!

मुले पळवणारी टोळी आल्याची अफवाही अशीच फिरली. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागणाऱ्या पाच निरपराधांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा जाहीर केली. मोजणी आली; सही आली नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचार झाला, तेव्हा इंटरनेटच बंद करावे लागले. संचारबंदीत पानठेलेही बंद. खबर खरी की खोटी, हे विचारायला जागाच उरली नव्हती.