अर्जातील प्रयोजन

श्रावण लागला की महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांतूनही पाटावर चंदनाचा नाग रेखाटला जातो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे मात्र नागपंचमीला जिवंत नाग पूजिला जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेत पकडणेही अंतर्भूत असल्याने त्या प्रथेवर निर्बंध आले.

तथापि कायद्यानेच अपवादाची वाट ठेविली आहे. कलम १२ अन्वये शिक्षण, शास्त्रीय संशोधन अशा विशेष प्रयोजनांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देऊ शकतात. २०२२ च्या दुरुस्तीने नाग पहिल्या अनुसूचीत गेला. त्यामुळे केंद्र शासनाची पूर्वसंमतीही आवश्यक झाली. २०२५ मध्ये शिराळ्यासाठी २१ नाग पकडण्याची अशी संमती मिळाली; प्रयोजन शैक्षणिक, मनोरंजन व स्पर्धा वर्ज्य.

पूजन हे प्रयोजन त्या कलमात नाही. म्हणूनच आम्हांस वाटते, अर्जात ‘शिक्षण’ लिहिले, तर शिक्षण घडलेच पाहिजे. नाग दूध पीत नाही. उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे धान्य राखतो. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठावे, तेथील प्रतिविष हाच उपाय. एवढे मुलांच्या मनावर बिंबले, तर ती सवलत सार्थकी लागली. नाही तर कायद्याची केवळ शब्दांनी बोळवण झाली, असेच म्हणावे लागेल.

वाचकहो, आपल्या घरी पाट मांडताना मुलांना जवळ बसवून हे अवश्य सांगावे. त्यासाठी कोणाच्याही परवान्याची आवश्यकता नाही.