भांडण शेतकऱ्या-गोंडांचे, फायदा तिकीटवाल्यांचा



गडचिरोली-चिमूर हा लोकसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींकरिता राखीव आहे. निवडणूक जवळ आली की चिमूर-ब्रह्मपुरीकडील आमच्या कुणबी, तेली, माळी, सुतार, लोहार बांधवांच्या कानांत कोणीतरी फुंकतो, ‘तुमची जागा गोंडांनी घेतली!’ आम्ही खेड्यातले मास्तर; मुलांस नकाशा शिकविणे हा आमचा धंदा. म्हणून त्या फुंकणाऱ्यास आम्ही विचारतो, बाबा रे, हा नकाशा काढला कोणी?

गोंडाने तर नाहीच. १९६७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत येथे चिमूर नावाचा मतदारसंघ होता. २००८ च्या फेररचनेने तो मोडला. चिमूर, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, अहेरी व गोंदिया जिल्ह्यातील आमगाव अशी सहा विधानसभा क्षेत्रे एका दावणीस बांधली. गोदावरीकाठचे सिरोंचा आणि पार उत्तरेचे सालेकसा एकाच खासदाराच्या पदरात पडले. हे करताना भामरागडच्या माडियास कोणी विचारले नाही आणि नागभीडच्या धानकऱ्यासही नाही.

राखीव जागेने उमेदवार कोणी व्हावे एवढेच ठरते. मत देण्याचा हक्क सर्वांस सारखाच आहे. २००९ साली मारोतराव कोवासे, २०१४ व २०१९ साली अशोक नेते, २०२४ साली नामदेव किरसान निवडून आले, ते तुमच्याही मतांनी! मग ते तुमचेही प्रतिनिधी नव्हेत काय? आणि खुल्या जागेने पोट भरते म्हणावे, तर शेजारचा चंद्रपूर मतदारसंघ खुलाच आहे. तेथील कापसास सोन्याचा भाव मिळाला काय? मे २०२३ मध्ये तेथील खासदार बाळू धानोरकर वारले. त्यानंतर पोटनिवडणूक झालीच नाही. २०२४ च्या निवडणुकीपर्यंत ती खुर्ची रिकामी राहिली. तेव्हा हे कानफुंके कोठे होते?

खरे दुखणे निराळेच आहे. खासदार तिकीट देणाऱ्यास भितो, मत देणाऱ्यास भीत नाही. याच मुलखाने निराळा माणूसही पाहिला आहे. १९६२ साली चांद्यातून लाल श्याम शाह हे आदिवासी पुढारी अपक्ष निवडून गेले. आदिवासींच्या गाऱ्हाण्यांस सरकार दाद देत नाही असे पाहून त्यांनी १९६४ साली खासदारकीचा राजीनामा दिला. आज खुर्चीवर अशी लाथ मारणारा किती पक्षांस परवडेल?

बांधवांनो, गोंड तुमच्या बांधाचा शेजारी आहे, वैरी नव्हे. धानाचा भाव, जंगलाचा हक्क, दवाखान्याची वाट ही दोघांचीही दुखणी आहेत. मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या एकीवर २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. तेथे कोणा खासदाराच्या मेहेरबानीची वाट पाहिली नाही. आपणही तसेच करू या. ग्रामसभेत खासदारास बोलवा, पाच वर्षांचा हिशेब मागा, उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढे मतदारसंघांची फेररचना होईल तेव्हा मसुदा प्रसिद्ध करून हरकती ऐकण्याची रीत आहे. त्या दिवशी कुणब्याची व गोंडाची हरकत एकाच कागदावर गेली पाहिजे.

नकाशा दुसऱ्याने काढला. निदान त्यावरील भांडण तरी दुसऱ्याच्या सांगण्यावरून करू नका!