झाडावरची नोटीस कोण वाचतं?

आमच्या बचत गटाची बैठक वस्तीच्या कडेच्या बदामाखाली भरायची. भाजीवाल्या मावशी तिथेच टोपली मांडायच्या, टँकरची रांगही तिथेच लागायची. एका सकाळी करवतीचा आवाज आला आणि सगळ्या धावल्या. झाड रीतसर परवानगीने पडत होतं. नोटीस लागली होती, पण कंपाउंडच्या आतल्या बाजूला. हरकतीची मुदत केव्हाच संपली होती. "ताई, तुम्ही तर शिकलेल्या. तुम्हालाबी दिसली नाही?" मावशींनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि खोडावर नोटीस द्यावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष मानलं. जितकं झाडाचं वय, तितकी रोपं लावण्याची अटही घातली.

मग अडतं कुठे? वर्तमानपत्र आमच्या वस्तीत किती घरांत येतं? हरकत लेखी द्यायची, तीही कार्यालयाच्या वेळेत, म्हणजे बाईचा रोज बुडाला. भरपाईची रोपं भलतीकडेच लागतात, आणि रोपाची सावली पडायला वर्षं जातात. तोवर मावशींनी बसायचं कुठे, हे कायदा विचारत नाही.

गोरेगावच्या आरेमध्ये तर लोक जागे होते. हजारोंनी हरकती नोंदवल्या, कोर्टात गेले. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली, त्यांत बायकाही होत्या. लोकलमध्ये चेंगरणाऱ्या बाईला मेट्रो हवी आहे, हे मी नाकारत नाही. पण हरकतीची सुनावणी नुसता उपचार ठरली, तर कायदा झाडाचं नाही, तोडीचं संरक्षण करतो.

तरीही कायदा टाकून देऊ नये, असं माझं मत आहे. १९७४ मध्ये रेणीच्या बायकांना झाडांना कवटाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आपल्याला त्याआधी हरकतीचा हक्क आहे. तो एकट्यादुकट्या जाणकाराच्या हाती राहिला, तर कागदावरच राहील.

म्हणून आपली मागणी अशी हवी: नोटीस रस्त्याच्या बाजूने, सोप्या मराठीत लागावी, आणि सुनावणी वस्तीत, बायकांच्या सोयीच्या वेळी व्हावी. परवानगी देण्याआधी त्या झाडाखाली कोण बसतं, कोण कमावतं, याची नोंद व्हावी.

मागणी मान्य होईपर्यंत आपण थांबू नये. आमच्या गटाने वस्तीतली झाडं मोजून वहीत लिहिली आहेत. दर आठवड्याला दोघी जणी फेरी मारतात आणि नोटीस दिसली की ती बैठकीत मोठ्याने वाचली जाते. परवा पहिली सामूहिक हरकत गेली. तिच्यावर मावशींचा अंगठा सर्वांत वर आहे.